पंचनामा आणि पोर्ट्रेट

प्रश्न : ताई, मी मुंबईत उपयोजित कला शिकते. माणसांचे फोटो काढणं हा माझा जीव की प्राण. पण कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेबद्दल वाचल्यापासून फोरेन्सिक फोटोग्राफीनेही, म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठी पुरावे कॅमेऱ्यात टिपण्याच्या कामानेही, डोक्यात घर केलंय. घरचे म्हणतात, प्रेतं बघून नजर मरेल, मग कसली कला? दोन्ही एकत्र जमतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमतं. मी गिरणगावातल्या बायकांची पोर्ट्रेट्स काढली आणि पोलिसांनी बोलावलं तेव्हा घटनास्थळीही गेले, म्हणून ठामपणे सांगते.

घरच्यांना भीती प्रेतांची आहे ना, मग तेच आधी. लोकलच्या अपघातात गेलेल्या कित्येकांची ओळख लगेच पटत नाही. शवागारात काढलेला फोटो उद्या कुणाची तरी आई लोहमार्ग पोलिसांकडे बघणार असते. म्हणून आधी देह आहे तसा टिपायचा, मग चेहरा पुसून, केस मागे सारून पुन्हा. गोंदण, जुना व्रण, कॉलरच्या आतली शिंप्याची चिठ्ठी, हे सगळं मोजपट्टी ठेवून जवळून. चेहऱ्यावरून न पटलेली ओळख बहिणीला हातावर गोंदलेल्या नावावरून पटते. एका बाजूने कडक प्रकाश पडला की ओळखीचा चेहराही परका दिसतो, हे मला पोर्ट्रेटनेच शिकवलं. शवागारात मी समोरून मऊ प्रकाश देते तो त्यामुळेच.

आता उलट बाजू, घटनास्थळाने माझ्या पोर्ट्रेटला काय शिकवलं ती. धुळीत चपलेचा ठसा आहे. कॅमेरा तिपाईवर, लेन्स ठशाच्या बरोबर वर, काटकोनात. आधी पट्टीशिवाय फोटो, मग पट्टी ठशाच्याच पातळीला ठेवून. टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की झिजलेली टाचसुद्धा उठून दिसते. एकही फ्रेम डिलीट करायची नाही. मधल्या एका फोटोचा नंबर गायब झाला तरी उलटतपासणीत वकील तिथेच धरतो. या कामानंतर मी पोर्ट्रेट काढताना कुणाच्या घरातली औषधाची बाटलीसुद्धा हलवलेली नाही.

रुडॉल्फ आर्चिबाल्ड राइस यांच्याबद्दल जरूर वाच. रसायनशास्त्रज्ञ आणि फोटोग्राफर. 1909 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांनी न्यायसहायक विज्ञानाची संस्था काढली आणि पहिल्या महायुद्धात सर्बियातल्या नागरिकांवरचे अत्याचार कॅमेऱ्याने आणि जबान्यांनी नोंदवले. माणसाविषयीचा कळवळा आणि पुरावा त्यांनी कधी वेगळे काढलेच नाहीत.

नोकरीचं म्हणशील, तर प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक पदांसाठी विज्ञानाची पदवी लागते. मादाम कामा रोडवरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत चौकशी कर. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या प्रक्रियेचा नवा कायदा, आली आहे. तिच्यात 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांची घटनास्थळाला भेट आणि चित्रीकरण यांची तरतूद आहे, राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. तेव्हा कॅमेरा नीट हाताळणाऱ्यांची गरज वाढणारच.

एक मात्र सांभाळ. घटनास्थळाचा फोटो कितीही देखणा आला तरी तो तुझ्या प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर जाता कामा नये. तो खटल्याचा आहे, आणि त्यातल्या माणसाला तू विचारलेलं नाहीस.