घरपट्टीचं बिल आधी दाखवा, घर नंतर

यावेळी फ्लॅटचे रेट विचारणारी पत्रं कमी आणि घरपट्टीवर तावातावाने लिहिलेली जास्त आलीत, म्हणून हा कॉलम बराचसा तिच्यावरच. मी सोलापुरातला घरांचा एजंट आहे, वकील नाही आणि महापालिकेचा माणूस तर अजिबात नाही, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, ते पण कधी मध्यरात्री. पाणीपट्टी मात्र पूर्ण वर्षाची. आम्ही भरलीच नाही तर काय होईल? – एक गृहिणी, नीलम नगर

ताई, राग शंभर टक्के बरोबर आहे. सोलापुरात घर दाखवताना गिऱ्हाईक बेडरूम बघायच्या आधी विचारतं, टाकी किती लिटरची आहे आणि बोअरला पाणी आहे का, यातच सगळं आलं. पण नाही भरलं तर काय होतं ते पण सांगतो. थकलेल्या कराला महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे 10,000 राहिले तर महिन्याला 200, वर्षाला 2,400. एवढ्या व्याजानं तर आपण सावकाराला शिव्या देतो. शिवाय उद्या घर विकायचं किंवा मुलाच्या नावावर करायचं म्हटलं की ही थकबाकी आधी समोर येऊन बसते.

उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतंय, त्यासाठी 170 एमएलडीची (दिवसाला 17 कोटी लिटरची) समांतर जलवाहिनी घातली, पण मोठी लाईन आली म्हणजे गल्लीतल्या नळाला रोज पाणी आलं असं होत नाही ओ, टाक्या लागतात, आतल्या जुन्या लाईनी बदलाव्या लागतात, आणि खरं भांडण तिथं करायचंय. पैसे भरा आणि पावतीची झेरॉक्स जोडून गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांचा एकच अर्ज महापालिकेच्या झोन ऑफिसला द्या. आवक नंबर (अर्ज पोचल्याचा) घेतल्याशिवाय तिथून हलू नका. एकट्या थकबाकीदाराचा अर्ज आणि पंचवीस पावत्या लावलेला अर्ज यात किती फरक पडतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : दाजी पेठेत वडिलांच्या नावावर घर आहे. मागच्या शेडमध्ये कापडाचे माग होते, ते विकून लई वर्षं झाली, आता तिथं आम्हीच राहतो. तरी घरपट्टी शेजारच्यापेक्षा कितीतरी जास्त येते. असं का? – एक वाचक, पूर्व भाग

हा प्रश्न मला फार आवडला, कारण पूर्व भागातलं निम्मं दुखणं हेच आहे. बिल हातात घ्या आणि खालचा आकडा बघायच्या आधी वापराचा रकाना बघा. निवासी लिहिलंय का बिगरनिवासी? बहुतेक तुमच्या शेडवर अजून बिगरनिवासीच असणार. माग भंगारात गेले, पण ते गेले हे महापालिकेला लेखी कुणीच कळवलेलं नसतं, मग रजिस्टरमध्ये ते अजून चालूच असतात. एका घरात मी शेड बघायला गेलो तर जमिनीत माग बसवायचे बोल्ट तसेच उभे, त्यांच्यामध्ये लेकराचा पाळणा टांगलेला आणि भिंतीवर अजून सुताचं फटफटीत पांढरं किट्टं, आणि बिल अजून कारखान्याचंच.

आता हिशोब कसा लागतो ते. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात, उरलं ते करयोग्य मूल्य. समजा महिना 5,000 भाडं धरलं, तर वर्षाचे 60,000, त्यातून 6,000 गेले, राहिले 54,000. या 54,000 वर मग सामान्य कर, मलनिःसारण, वृक्ष, शिक्षण असे एकेक कर लागत जातात. बिगरनिवासी असलं की भाडंच जास्त धरतात, दर पण चढा असतो आणि वरून रोजगार हमी कर लागतो, जो राहत्या घराला लागतच नाही. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तर राज्य सरकारचे, महापालिका फक्त गोळा करून देते. त्यामुळं बिलातला सगळा पैसा आपल्या गटारी-रस्त्यालाच लागतो असं समजू नका.

तुम्ही काय करायचं, तर वापर बदलला म्हणून फेरआकारणीचा अर्ज द्यायचा. सोबत मागाचं वीज कनेक्शन कायमचं बंद केल्याचा महावितरणचा कागद जोडा, त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. तो नसेल तर कनेक्शन घरगुती झाल्याचं जुनं बिल शोधा. वारस म्हणून नाव लावायचं राहिलं असेल तर ते पण याच फेरीत उरका. मागच्या वर्षांचे जास्त गेलेले पैसे परत येतील या आशेवर राहू नका, पुढचं बिल नीट झालं तरी लई झालं.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. फेरआकारणी मागितली की मोजणीला माणूस येतो आणि त्याची टेप फक्त शेडमध्ये फिरत नाही. वरती पोरांच्या लग्नाला दोन खोल्या चढवल्या असतील आणि त्यांची परवानगी नसेल तर त्या पण मापात येतात. अनधिकृत बांधकामाला वेगळी शास्ती आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. लोकांना वाटतं टॅक्स लागला म्हणजे झालं कायदेशीर. नाही होत. आधी घरात बसून हिशोब करा, मग अर्ज टाका.

प्रश्न : रिसेलचा फ्लॅट घेतोय, विजापूर रोडला. मालक म्हणतात टॅक्सचं नंतर बघू, किरकोळ आहे. – एक वाचक

किरकोळ आहे तर त्यांनाच आज भरू द्या की! घरपट्टीचा बोजा मालमत्तेवर असतो, मालक बदलला तरी तो तिच्यासोबतच येतो. उद्या ते पुण्याला मुलाकडं निघून जातील आणि नोटीस तुमच्या दाराला चिकटेल. मी तर घर दाखवायला नेण्याआधी मालकाकडून चालू वर्षाचं बिल आणि मागची पावती मागतो. जो मालक दहा मिनिटात व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो त्याचा व्यवहार बहुतेक सरळ असतो, आणि जो "कपाटात आहे, बघतो" म्हणत चार दिवस काढतो तिथं काहीतरी शिजत असतं. बिलावर नाव कुणाचं, क्षेत्रफळ किती, वापर कोणता आणि थकबाकी किती, एवढं वाचलं तरी अर्धं घर कळतं. क्षेत्रफळ खरेदीखतापेक्षा जास्त दिसलं तर बाल्कनी बंद करून खोली केली असेल, विचारा. थकबाकी असेलच तर साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) आकडा लिहून किमतीतून वजा करा, तोंडी नको.

आणि खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला हस्तांतरणाची नोटीस द्यायची असते, ती द्या. लोक रजिस्ट्री झाली की पेढे वाटतात आणि हे विसरतात, मग बिल वर्षानुवर्षं आधीच्या मालकाच्या नावानं येत राहतं. उलट बाजूनं पण ऐका, जे विकतायत त्यांनी: नोटीस दिली नाही तर कराची जबाबदारी तुमच्या पण गळ्यात राहते.

प्रश्न : घरपट्टीची पावती माझ्या नावावर आहे म्हणजे जागा माझीच ना?

नाही. पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. मालकीसाठी खरेदीखत आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा बघायचा.

प्रश्न : शहरात टॅक्स जास्त म्हणून हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत प्लॉट घेऊन बांधावं म्हणतोय. फायद्याचं पडेल ना? – एक शिक्षक, जुळे सोलापूर

सर, मला दोन्हीकडं कमिशन सारखंच आहे, त्यामुळं मोकळेपणानं बोलतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी असते हे खरंय. पण मुलांचा क्लास सात रस्त्याला, दवाखाना शहरात, भाजी मंडईतून आणि तुमची नोकरी पण शहरात. टॅक्समध्ये वाचलेला पैसा पेट्रोलमध्ये आणि टँकरमध्ये जातो, फक्त त्याची पावती येत नाही म्हणून टोचत नाही. दुसरं म्हणजे हद्द काय कायम तिथंच राहते का? बाळे, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही सगळी एकेकाळची गावंच होती, 1992 च्या हद्दवाढीत शहरात आली. तीस वर्षं उलटून गेली तरी आपण त्यांना हद्दवाढ भागच म्हणतो आणि तिथली माणसं आधी टॅक्स आला, मग कधीतरी ड्रेनेज आलं असं म्हणतात. मला विचाराल तर त्यांच्या तक्रारीत दम आहे, सोय देता येत नसेल तर तेवढ्या भागात कर तरी दमानं वाढवावा.

तरी घ्यायचाच असेल तर जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि मंजूर लेआऊट बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. नुसता नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीची कराची नोंद) दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणणारे लई भेटतील. गुंठ्यानं विकलेल्या तुकड्यांचं पण तसंच. गुंठेवारी कायद्यात 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या तुकड्यांना नियमित करायची वाट मिळाली, नियमात न बसणारा तुकडा "होऊन जाईल" म्हणून गळ्यात मारत असतील तर चहा पिऊन परत या.

प्रश्न : अभय योजना येतेच ना दरवर्षी-दोन वर्षांनी, मग वेळेवर भरणारा येडा का? – एक व्यापारी, नवी पेठ

शेठ, याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. शास्ती माफ करून थकबाकी वसूल होते, तिजोरीत पैसा येतो, सगळं मान्य. पण एप्रिलमध्येच रांगेत उभा राहून भरणारा पेन्शनर शेजारी तुमच्याकडं बघून काय म्हणत असेल? माझं मत विचाराल तर माफी फक्त राहत्या छोट्या घरांना, विधवा बाईला, आजारपणात बसलेल्या माणसाला द्यावी, दुकानांच्या गाळ्यांना देऊच नये. आणि योजनेची वाट बघत बसण्यात धोका पण आहे, ती कधी आणि किती टक्क्यांची येईल हे कुणी लिहून दिलेलं नसतं, मधल्या काळात जप्तीची नोटीस आली तर मार्केटमध्ये शोभा होते ती वेगळीच.

प्रश्न : आम्हाला "आपल्या लोकांची" बिल्डिंग पाहिजे. असे पर्याय सुचवा. – एक कुटुंब, सध्या भाड्यानं, अशोक चौक

नाही सुचवणार. रागावू नका, कारण पण सांगतो. या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषेत भांडण होतं आणि चारही भाषेत मिटतं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघाले की फुटपाथवर जागा धरून बसलेली बाई कुठल्या समाजाची आहे ते कुणी विचारत नाही, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा पण तेच. मग बिल्डिंगमध्येच का नडतं?

धंद्याचा अनुभव सांगतो. एकाच नात्यागोत्यातल्या लोकांची बिल्डिंग घेऊन पस्तावलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं आलीत, कारण तिथं मेंटेनन्स मागायचा कुणी? चेअरमन मेहुण्याचा साडू. लिफ्ट बंद पडून सहा-सहा महिने जातात, पण बोलायचं नाही, पुढच्या लग्नात भेटायचंय ना. त्यापेक्षा मी सांगतो तसं करा. पाण्याच्या पाळीच्या दिवशी संध्याकाळी त्या बिल्डिंगखाली जाऊन अर्धा तास उभं राहा. मोटर कोण लावतं, टाकी भरून वाहायला लागली तर खालून कोण ओरडतं आणि वरून कोण धावतं, पार्किंगमध्ये कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा कुणाच्या घरातून कुणाच्या घरात चाललाय, सगळं दिसतं. जिन्याखाली नोटीस बोर्ड असेल तर तो पण वाचा. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी नावानिशी लावलेली असेल तर ती बिल्डिंग मी डोळे झाकून घेईन.

प्रश्न : आमच्या कॉलनीनं वर्गणीतून सभागृह बांधलं, शेजारी छोटं मंदिर आहे. सभागृहाला पण टॅक्स लावलाय. धार्मिक जागेला माफी असते ना? – कॉलनीचे सेक्रेटरी, होटगी रोड

असते, पण फक्त पूजाअर्चेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरलेल्या जागेला, ती पण सामान्य करापुरती, बाकीचे कर राहतातच. मंदिराचा अर्ज वेगळा आणि सभागृहाचा वेगळा करा, दोन्ही एकात घातलं की दोन्ही लटकतं. सभागृह तुम्ही बारशाला, साखरपुड्याला भाड्यानं देता का? देत असाल तर माफीचा मुद्दा अवघड होतो, आणि भाड्याच्या पावत्या तुमच्याच नावानं फाडलेल्या असतात त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही. ट्रस्टची नोंदणी झाली नसेल तर आधी ती करा. आकारणीची नोटीस नवी असेल तर तिच्यात हरकतीची मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका, कारण नंतर कोर्टात अपील करायचं तर आधी कराची रक्कम भरावी लागते.

आणि भाडं घेतच असाल तर लपवण्यापेक्षा सरळ बिगरनिवासी कर भरा, भाड्यात तेवढी वाढ करा आणि वार्षिक सभेत हिशोब वाचून दाखवा. एका कॉलनीनं असंच केलं, सुरुवातीला चार लोक उठून भांडले, आता सभागृहाच्या पैशातून त्यांच्या रस्त्यावरचे दिवे चालतात आणि बारशाची बुकिंगं दोन महिने आधी फुल असतात.