मेमो देण्याआधी स्टोअरचं रजिस्टर बघा

सिस्टर, लाल आणि पिवळ्या पिशव्यांतल्या दवाखान्याच्या कचऱ्याची सरमिसळ झाली म्हणून कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याने तुमच्या पेडण्याच्या आरोग्य केंद्रातल्या पिशव्या उचलल्या नाहीत आणि मेमो मिळाला सफाईवाल्या बाईंना, असं तुम्ही लिहिलंय. सत्तरी तालुक्यात आमच्याकडेही हेच चालायचं. कुठल्या पिशवीत काय टाकायचं हे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

त्या दिवशी वॉर्डात पिवळ्या पिशव्या होत्या का, ते आधी बघा. आमच्याकडे नसायच्या. मागणीपत्र जिथे मंजूर व्हायचं त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण उत्तर ठरलेलं: "अजून दर ठरायचाय." दर ठरला की नमुना जुना म्हणून कागद परत. नव्या नमुन्यात पाठवला तर म्हणे वर्षाचा वापर किलोत लिहा. पिशव्यांचा, किलोत! तोवर पिवळ्या पिशवीत जायचा तो ड्रेसिंगचा रक्ताळलेला कापूस साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, वर सलाइनच्या नळीची गाठ. मग तपासणीला येणारे साहेब विचारणार, वर्गीकरण का नाही? प्रशिक्षणाचे तक्ते भिंतीवर डकवून पिशव्या येत नाहीत.

मी वकील नाही, पण जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत जबाबदारी केंद्राचा कारभार ज्याच्या हाती, त्याची आहे. मेमो फार तर वरच्या दिशेने जायला हवा. साठा संपला की तारीख घालून लेखी कळवा आणि आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. फोनवर सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

गणेश चवथीच्या सुट्टीत कचऱ्याची गाडी चुकली तर ४८ तासांची मर्यादा विसरू नका. त्यापुढे कचरा ठेवावाच लागला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवायचं असतं. "मागे खड्डा मारून पुरून टाका" म्हणणारे भेटतील. ऐकू नका. सगळ्या दवाखान्यांचा कचरा नष्ट करणारं सामायिक केंद्र ७५ किलोमीटरच्या आत असताना स्वतःची विल्हेवाट चालत नाही, आणि गोव्याचं असं केंद्र कुंडईला आहे, तिथून पेडणं काही तेवढं लांब नाही.

जाता जाता, सुईच्या कटरचं पातं तपासा. बोथट झालं की कामावरची मुलं हाताने सुई वाकवतात. आणि सफाई कामगारांना हेपॅटायटिस बी, धनुर्वाताची लस नियमातच आहे, कंत्राटी असले तरी. एजन्सी टाळाटाळ करते, म्हणून यादी तुम्हीच करा.