नव्या एक्स-रेत बाबांचं हार्ट लहान झालं का?

प्रश्न : माझे बाबा 71 वर्षांचे आहेत, खोकला जुना आहे. 2008 साली काढलेला त्यांचा छातीचा एक्स-रे अजून कपाटावर पडलाय, भलीमोठी काळी फिल्म. गेल्या महिन्यात परत काढायला लागला, यावेळी डिजिटल, पैसे जास्त घेतले आणि हातात दिली वहीच्या पानाएवढी फिल्म. दोन्ही खिडकीशी धरून बघितल्या तर नव्यात हार्ट चक्क लहान दिसतंय आणि फुप्फुसातल्या रेघा वाढल्यासारख्या वाटतायत. बाबा म्हणतात जुनंच बरं होतं. डिजिटल खरंच चांगला असतो का? रेडिएशन कमी असतं म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, कराड

उत्तर : हार्ट लहान झालेलं नाही हो, प्रिंट लहान झालीय! जुनी फिल्म 14 बाय 17 इंचाची असणार, म्हणजे छाती जेवढी तेवढंच चित्र. डिजिटलमध्ये मूळ चित्र कॉम्प्युटरमध्ये असतं, तुमच्या हातात आली ती त्याची प्रिंट, आणि खर्च वाचवायला ती बहुतेक ठिकाणी छोट्या फिल्मवर काढतात. म्हणून डॉक्टर हार्ट नुसतं सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, छातीच्या रुंदीशी ताडून बघतात. समजा जुन्या फिल्मवर छाती आतून 28 सेंटिमीटर आणि हार्ट 13, तर छोट्या प्रिंटवर छाती 14 आणि हार्ट साडेसहा येईल, प्रमाण तेच. मोठ्या माणसात, उभं राहून मागून पुढे काढलेल्या एक्स-रेत हार्ट छातीच्या निम्म्यापेक्षा कमी भरलं म्हणजे साधारण ठीक. घरी पट्टी घेऊन बघा पाहिजे तर, पण निदान त्यावरून करू नका.

आता रेघांचं. मी कितीतरी वर्षं डार्करूममध्ये काढली, लाल दिव्यात कॅसेट (फिल्म ठेवायची चपटी बंद पेटी) उघडायची, फिल्म चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत, आणि बाहेर पेशंट बसलेला असायचा कारण ओली फिल्म बघून बरोबर आलीय म्हटल्याशिवाय त्याला सोडता यायचं नाही. एक्स्पोजर जरा जास्त झालं की फिल्म काळीकुट्ट, कमी झालं की पांढरीफटक, दोन्हीत पेशंटला परत उभा करायचा. आणि फुप्फुसं छान आली तरी हार्टच्या मागचा भाग पांढराच राहायचा, तिथे लपलेली गाठ दिसणं नशिबाची गोष्ट. डिजिटलमध्ये तेच चित्र स्क्रीनवर उजळ-गडद करून हार्टच्या मागचंही बघता येतं, छातीसाठी हा खरा फायदा. बारीक रेघेच्या बाबतीत मात्र जुनी फिल्म डिजिटलपेक्षा सरस होती, हे कोणी सेल्समन सांगणार नाही. तुम्हाला नव्यात रेघा जास्त दिसतायत त्याचं कारण सॉफ्टवेअर कडा उठावदार करतं हेही असू शकतं. खरंच काही वाढलंय का ते रेडिओलॉजिस्टच ठरवेल, आणि त्यासाठी त्याला 2008 ची फिल्म हवी, ती न्यायला विसरू नका.

रेडिएशनचं उत्तर सरळ हो-नाही असं नाही. छातीचा एक एक्स-रे म्हणजे साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), निसर्गातून आपल्याला दोन-तीन दिवसांत मिळतं तेवढं, त्यामुळे बाबांना घाबरवू नका. डिजिटलमध्ये परत परत काढायला लागत नाही ही मोठी बचत. पण गंमत अशी की फिल्मवर जास्त डोस दिला तर काळी फिल्म लगेच चुगली करायची, डिजिटल मशीन मात्र तो सांभाळून घेतं, उलट चित्र अजून स्वच्छ येतं, म्हणजे ऑपरेटर आळशी असेल तर डोस वाढतच जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मशीनइतकाच ते चालवणारा माणूस महत्त्वाचा. श्वास पूर्ण भरून रोखायला सांगितला का, खांदे पुढे घ्यायला लावले का, मंगळसूत्र-तावीज काढायला लावला का हे बघत जा. बायकांची वेणी खांद्यावर राहिली तर फुप्फुसाच्या टोकाला टीबीसारखी सावली पडते, ही चूक जुन्या मशीनवर व्हायची तशीच नव्यावरही होते.

जास्त पैसे दिलेच आहेत तर सेंटरमधून सीडी किंवा डायकॉम फाइल (एक्स-रेचं मूळ डिजिटल चित्र) मागून घ्या, खिडकीशी धरून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरला पाठवू नका, त्यात अर्धं गायब होतं. छोटी फिल्म उन्हात गाडीत ठेवू नका, उष्णतेनं काळवंडू शकते. आणि कपाटावरची मोठी फिल्म चांदीसाठी भंगारवाला घेतो म्हणून लगेच देऊन टाकू नका, नि पोरांनी ग्रहण बघायला मागितली तर अजिबात देऊ नका, डोळे जातील.