बायोटेकमध्ये एम.एस्सी. करू की नको?

दिवाळी सरली की आमच्याकडे सल्ल्यासाठी हा प्रश्न घेऊन येणाऱ्या घरांची रांग लागते. या वेळी सांगलीकडचं एक कुटुंब होतं. मुलगी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला, चार सेमिस्टरांचा सीजीपीए साडेसातच्या वर. वडील साखर कारखान्यात नोकरीला, गळीत हंगाम तोंडावर असताना रजा टाकून आलेले. खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांनी विचारलं, "मॅडम, बायोटेकला नोकऱ्याच नाहीत असं सगळे म्हणतात. मग आणखी दोन वर्षं आणि दोन-अडीच लाख कशात घालायचे?" आईच्या पिशवीत एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक होतं. सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स, नोकरीची हमी. मुलगी गप्प.

नोकऱ्या नाहीत हे अर्धंच खरं. 'बायोटेक्नॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच निघते. लस, इन्सुलिन, बायोसिमिलर (जैविक औषधांच्या समतुल्य आवृत्त्या) बनवणाऱ्या कंपन्यांत जागा निघतात त्या खात्यांच्या नावाने. अपस्ट्रीम म्हणजे फर्मेंटरमध्ये पेशी वाढवणं, डाउनस्ट्रीम म्हणजे त्यातून प्रथिन वेगळं करून शुद्ध करणं, क्यूसी म्हणजे तपासणी, क्यूए म्हणजे प्रक्रिया आणि नोंदींवर नजर ठेवणं. याच जागांवर मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्मसीची मुलंही अर्ज करतात. मायक्रोच्या मुलीने तीन वर्षं जिवाणू वाढवायच्या प्लेट ओतलेल्या असतात, फार्मसीच्या मुलाला एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र, ओळखीचं असतं. बायोटेकला सगळ्यातलं थोडं थोडं असतं, आणि तेही पुष्कळदा प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येच राहतं. खरी अडचण तिथे आहे.

हे नुसतं सांगून वडिलांना पटलं नसतं. म्हणून मुलीचा बायोडेटा मागितला. त्यात 'अवगत तंत्रं' या मथळ्याखाली पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, सेल कल्चर अशी ऐटबाज यादी. तिला विचारलं, "२५ मायक्रोलिटरची पीसीआर लावायचीय. बफर दहापट तीव्रतेचा आहे. किती घालशील?" थोडा वेळ गेला, मग २.५ मायक्रोलिटर हे उत्तर आलं. "डीएनटीपीचा (डीएनएच्या घटकांचा) स्टॉक १० मिलिमोलर, मिश्रणात हवेत २०० मायक्रोमोलर?" इथे ती अडकली. उत्तर अर्धा मायक्रोलिटर. गणित सातवीच्या पातळीचं. पण ज्याने स्वतः पिपेट धरून ते मिसळलेलं नाही त्याला ते पटकन सुचत नाही, आणि मुलाखत घेणारे नेमकं हेच हेरतात. "निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (नमुन्याचा डीएनए न घातलेल्या नळीत) डीएनएचा बँड दिसला तर?" यावर तिने खरं ते सांगून टाकलं, "मॅडम, आमच्याकडे पीसीआर सरांनी करून दाखवली होती. आम्ही वीस जण भोवती उभे होतो."

वडिलांच्या चेहऱ्यावर 'बघा, म्हणजे तीन वर्षं वाया' असं स्पष्ट दिसलं. पण मग तिला विचारलं, कॉलेजात हाताने केलेलं असं काय आठवतं? आणि मुलगी बोलायला लागली. केळीच्या टिश्यू कल्चरचा छोटा प्रकल्प होता. बाटल्यांत संसर्ग यायचा. सगळे म्हणायचे, लॅमिनारचा (निर्जंतुक हवेच्या कपाटाचा) दोष. हिने नोंद ठेवली. बुरशी यायची ती तीन-चार दिवसांत, वरून दिसणारी. पण काही बाटल्या पहिली दोन सबकल्चर (नव्या बाटलीत बदली) स्वच्छ राहून तिसऱ्यात रोपाच्या बुडाशी दुधट व्हायच्या. म्हणजे हे जिवाणू हवेतून आलेले नव्हते, कंदाच्या आतच होते. मर्क्युरिक क्लोराइडने वरून कितीही धुतलं तरी ते जाणार नव्हते. शिवाय हात पुसायला सगळे नुसतं स्पिरिट वापरायचे. जिवाणूंच्या प्रथिनांची मोडतोड व्हायला अल्कोहोलबरोबर पाणीही लागतं, म्हणून ७० टक्क्यांचं अधिक मारक ठरतं, हे तिने स्वतः वाचून काढून पाणी मिसळायला लावलं होतं. बायोडेट्यात मात्र यातली एकही ओळ नव्हती.

ज्या मुलीला बिघाडाचं कारण शोधण्यात रस आहे तिने एम.एस्सी. करावी, असं आमचं स्पष्ट मत पडलं. पण कुठलीही नव्हे. पदवी झाली की संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी बी.एस्सी.वरच क्यूसीत शिरून शिफ्टमध्ये शिकावं, त्यात कमीपणा काही नाही. माहितीपत्रकातल्या 'हमी'बद्दल आईला एवढंच सांगितलं की ती स्टॅम्प पेपरवर लिहून मागा. त्यांनी मागितली. संस्थेचे फोन थांबले.

आता वेळापत्रक. आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा लागते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरून होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. नोव्हेंबरात आलेल्या मुलीसाठी ते दार त्या वर्षापुरतं बंद झालेलं होतं. खरं तर हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच विचारायचा असतो. उरल्या दोन परीक्षा. एक सीयूईटी पीजी, जी बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांना चालते, आणि दुसरी गॅट-बी. गॅट-बी ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी २०२० पासून होते. या अभ्यासक्रमांत एम.एस्सी.ला दरमहा ५,००० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. हा आकडा ऐकल्यावर वडील पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

गॅट-बीचा पेपर तीन तासांचा, २४० गुणांचा. अ विभागात अकरावी-बारावीचे भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र मिळून ६० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चुकीला अर्धा वजा. ब विभागात पदवीच्या पातळीचे १०० प्रश्न, त्यातले कोणतेही ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ गुण, चुकीला १ वजा. हिला बारावीला गणित नव्हतं, त्यामुळे अ विभागाची धास्ती. पहिल्या सराव पेपरात तिने भीतीपोटी तिथले साठच्या साठ प्रश्न रंगवले. २४ बरोबर, ३६ चूक, हाती आले ६ गुण. ब विभागात ३१ बरोबर, २९ चूक, म्हणजे ६४. एकूण ७०.

इथे हिशेब समजून घेतला की निम्मं काम होतं. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर अ विभागात सरासरीने नुकसानच होतं, ब विभागात ना नफा ना तोटा. एक पर्याय नक्की बाद करता आला तर अ बरोबरीत सुटतो, ब मात्र फायद्यात जातो. दोन बाद करता आले तर दोन्हीकडे फायदा. म्हणून नियम ठरला: अ विभागात दोन पर्याय बाद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, ब मध्ये एक बाद झाला तरी पुरे, पण साठची संख्या पूर्ण करायचीच. कॅल्क्युलस सोडून दिलं. त्याऐवजी लॉगॅरिदम, संभाव्यता, मोल संकल्पना, पीएच, प्रकाशशास्त्र, एकके. यातलं निम्मं प्रयोगशाळेतही लागतं, त्यामुळे ते घोकावं लागत नाही. मार्चमधल्या सराव पेपरात अ विभागातले ३८ च प्रश्न सोडवले, २७ बरोबर, गुण साडेएकवीस. ब मध्ये ३८ बरोबर, २२ चूक, गुण ९२. एकूण ११३.५. तिचं ज्ञान चार महिन्यांत काही दीडपट झालं नव्हतं.

दरम्यान दुसरं काम लावून दिलं होतं. घराजवळच्या दोन-तीन महाविद्यालयांतही एम.एस्सी. बायोटेक आहे, तिथे जाऊन बघून ये. प्राचार्यांना भेटायचं नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटायचं. त्यांना विचारायचं, "तू स्वतः शेवटचा जेल कधी चालवलास?" (जेल म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून बघायचा थर.) ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करायच्या यंत्राजवळची वही उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघायचं. उणे २० च्या फ्रीजरमध्ये एन्झाइम आहेत की सरबताच्या बाटल्या, ते बघायचं. यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण असेल आणि आवरणावर धूळ असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही. चौथ्या सेमिस्टरचा प्रकल्प कुठे होतो, बाहेरच्या संस्थेत होत असेल तर त्यासाठी मुलांनाच पैसे मोजावे लागतात का, हेही विचारायचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प सगळीकडेच कागदावर आहेत, म्हणून कागद बघून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही.

एका ठिकाणची गोष्ट तिने येऊन सांगितली. मुलांनी ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेट ओतल्या होत्या आणि मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचं कडं आलं होतं. कुणी म्हणालं, प्रयोग यशस्वी, भरपूर आले. हिला शंका आली म्हणून तिने विचारलं. ते कडं म्हणजे सॅटेलाइट वसाहती. मधल्या खऱ्या वसाहतीने सोडलेलं एन्झाइम आजूबाजूचं प्रतिजैविक फोडतं आणि त्या मोकळ्या जागेत प्लाझ्मिड (प्रतिकाराचं जनुक वाहणारा छोटा वर्तुळाकार डीएनए) नसलेले जिवाणू उगवतात. प्लेट जास्त वेळ उबवली किंवा आगर फार गरम असताना ॲम्पिसिलिन घातलं की हे हमखास होतं. आगर पन्नाशीपर्यंत निवू द्यायचं आणि २०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक २०० मायक्रोलिटर घालायचा. या वेळी हा हिशेब तिनेच आम्हाला सांगितला.

गॅट-बीचा निकाल चांगला लागला. आणि इथेच बरीच मुलं घसरतात. गॅट-बीला एकत्रित प्रवेश फेरी नसते. गुणपत्रक हातात घेऊन प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरायचा, शुल्क वेगळं, शेवटची तारीख वेगळी. आपोआप फोन येईल म्हणून वाट बघत बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. हिने सहा अर्ज भरले, त्यातला एक जातीच्या दाखल्यावर अडला. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र घरात होतं. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षाचं लागतं. तहसीलच्या चकरा मारेपर्यंत ती तारीख गेली. हा दाखला एप्रिल लागताच काढायला सांगायला हवा होता.

पुढे दोन प्रतीक्षा याद्यांत नाव आलं, आणि दुसऱ्या फेरीत गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञानाला जागा मिळाली. वडिलांचा फोन आला, "म्हणजे मासेमारी का?" समुद्रातल्या जिवाणूंची एन्झाइम, स्पंजांमधली औषधी द्रव्यं, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं, आणि त्यापुढे?" त्यापुढे सीएसआयआर नेट किंवा डीबीटीची बीईटी, या पीएच.डी.च्या फेलोशिपसाठीच्या परीक्षा. जेआरएफ, म्हणजे ती फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. नाही मिळाली तर एम.एस्सी.च्या प्रकल्पावर कंपनीचा दरवाजा ठोठवायचा, आणि तेव्हा बायोडेट्यात केळीची बाटली पहिल्या पानावर हवी.

सध्या प्रश्न सहाव्या सेमिस्टरच्या निकालाचा आहे. तो लांबलाय. प्रवेश तात्पुरता आहे, गुणपत्रक ठरलेल्या तारखेच्या आत दिलं नाही तर जागा जाईल. कॉलेजकडून 'परीक्षा दिली, निकाल प्रलंबित' असं पत्र शिक्क्यासह आणून ठेवायला सांगितलंय, आणि पाचही सेमिस्टरांच्या गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती.