“माझा वचक राहिलेला नाही”

झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन चाळिशीला आलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी त्यांना बढती मिळाली होती आणि कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून काम केले, त्याच बारा जणांच्या त्या प्रमुख झाल्या होत्या. “माझा वचक राहिलेला नाही. प्रेमाने वागले तर डोक्यावर बसतात, कडक वागले तर तोंड चुकवतात. मी नक्की कसे वागायचे?” असे त्यांनी विचारले. अधिकाराच्या जागी नव्याने आलेल्या अनेकांकडून मी हा प्रश्न ऐकला आहे. तो विचारणारी माणसे बहुधा मनाने चांगली असतात, कारण ज्यांना इतरांची पर्वा नसते त्यांना तो पडतच नाही.

पहिले वर्षभर त्यांनी मागेल त्याला रजा दिली आणि एका जुन्या सहकाऱ्याचे अर्धवट काम रात्री जागून स्वतः पुरे केले. दुसऱ्या वर्षी “माणसे घाबरली पाहिजेत” असा सल्ला एका वरिष्ठांनी दिला, तेव्हा त्यांनी भर बैठकीत खरडपट्टी काढायला सुरुवात केली. काही महिने कामे वेळेवर झाली. मग हिशेबातली एक मोठी चूक त्यांच्या कानावर अकरा दिवसांनी आली, आणि तिघांना ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती हेही त्याच वेळी कळले. त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली.

वरिष्ठांनी सल्ल्याला मॅकियाव्हेली या इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मुत्सद्द्याचा आधार दिला होता, म्हणून त्याच्याविषयी आम्ही थोडे बोललो. ‘द प्रिन्स’ हा ग्रंथ त्याने १५१३च्या सुमारास लिहिला आणि तो १५३२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. प्रेम आणि भीती दोन्ही मिळवता आले तर उत्तम, पण ते एकत्र नांदणे अवघड असल्याने भीती अधिक सुरक्षित, असे तो म्हणतो खरे. मात्र राज्यकर्त्याने लोकांचा द्वेष ओढवून घेता कामा नये, हेही त्याच प्रकरणात तो बजावतो, आणि सल्ला देणारे नेमके तेवढेच गाळतात. फ्लॉरेन्समधली सत्ता पालटल्यावर १५१२मध्ये त्याचे पद गेले होते आणि पुढच्याच वर्षी त्याने तुरुंग व छळ सोसला होता. गादी कशी टिकवावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. या बाईंची गादी कोणी हिसकावत नव्हते. त्यांना हवे होते ते एवढेच, की काम व्हावे आणि खरे काय ते वेळेत कळावे.

मी त्यांना गेल्या काही महिन्यांतल्या पाच वाईट बातम्या आठवून लिहायला सांगितल्या: प्रत्येक बातमी कोणी आणली आणि किती उशिरा आणली. पुढच्या भेटीत तो कागद समोर ठेवताना त्यांचा आवाज कापत होता, कारण पाचपैकी एकही बातमी ज्याची चूक होती त्याने स्वतःहून सांगितली नव्हती.

तेव्हा मी त्यांना मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगाविषयी सांगितले. त्याचा अहवाल १९३९मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटातल्या मुलांचे काम मंदावत असे, आणि सगळ्यांना विचारात घेणारा प्रमुख बाहेर गेला तरी त्याच्या मुलांचे काम बरेचसे चालू राही. या दोघांखेरीज एक तिसरा प्रमुखही होता. तो मुलांना पूर्ण मोकळे सोडून स्वतः बाजूला राहत असे, आणि त्याच्या गटात काम कमी होई, जे होई तेही हलके होई. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “माझे पहिले वर्ष म्हणजे हा तिसरा प्रमुख.”

मला त्यांचे म्हणणे पटले. ज्याला त्या प्रेम म्हणत होत्या ती नावडते होण्याची भीती होती, आणि तिची किंमत नेटाने काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी मोजली होती. म्हणजे भीती दोन्ही वर्षे होतीच. पहिल्या वर्षी ती त्यांच्या मनात होती, दुसऱ्या वर्षी ती इतरांच्या मनात गेली. आपल्या भाषेत दरारा आणि दहशत हे दोन वेगळे शब्द आहेत. ज्याचे नियम आधीपासून माहीत असतात आणि मर्जीनुसार बदलत नाहीत, त्याचा दरारा वाटतो. आज काय होईल हे ज्याच्या चेहऱ्यावरून ताडावे लागते, त्याची दहशत बसते.

त्यांनी बैठकीत एकच नियम सांगितला: चूक त्याच दिवशी सांगणाऱ्याला चारचौघांत बोल लावला जाणार नाही, लपवणाऱ्याला मात्र लेखी जाब द्यावा लागेल. अर्धवट काम त्या परत पाठवू लागल्या. जुना सहकारी दुखावला आणि त्याने बोलणे टाकले. आमच्या पुढच्या चार भेटी त्या अबोल्यातच गेल्या, कारण तो सोसत असताना त्याचे काम पुन्हा स्वतःच्या अंगावर न घेणे त्यांना फार जड जात होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले, की संघातली सर्वांत नवी मुलगी संध्याकाळी चुकीचा आकडा घेऊन आली, तेव्हा त्यांच्या कानशिलांत रक्त चढले होते, तरी “कोणाला कळवायचे राहिले आहे?” एवढेच त्यांनी विचारले. जुना सहकारी अजून मोजकेच बोलतो, पण त्याचे काम आता पुरे होऊन येते. झोप अजून पूर्ण परतलेली नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.