फ्लॉरेन्सहून आसपासची गावं बघायला ट्रेन बरी की भाड्याची गाडी? सोबत वयस्कर आई-बाबा आहेत.

ट्रेनच, सिएनाला फार तर बस. पिसा, लुक्का आणि सिएना एवढंच बघायचं असेल तर गाडीचा विचारही करू नका. पण तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून घरच्यांचा कल गाडीकडे आहे. नेमकं हेच आमच्या घरात मी इतकी वर्षं ऐकतेय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही टस्कनीला, म्हणजे इटलीतल्या या फ्लॉरेन्सच्याच प्रांतात, गेलो तेव्हा सासूबाई पंचाहत्तरीला आलेल्या, दोन्ही गुडघे दुखरे. माझे धाकटे दीर निघण्याआधीपासूनच गाडीवर अडून बसले होते. ‘आईला स्टेशनं, जिने, फलाट कुठे झेपणार? दारातून बसवायचं, दारात उतरवायचं.’ सिएनाच्या दिवशी घेतली गाडी. अर्धी सकाळ काउंटरवर गेली. पासपोर्ट, परमिट, कार्डावर अडकवून ठेवलेली अनामत, विम्याचे नाना प्रकार. निघेपर्यंत ऊन चढलं. शिवाय भावजींना सरळ रस्ता नको होता, किआंतीच्या द्राक्षमळ्यांतून जाणारा जुना रस्ता हवा होता, एसआर २२२. रस्ता देखणा आहे, त्यात वाद नाही. पण वळणामागून वळण, गाड्या उजव्या बाजूने, गिअर उजव्या हाताला. भावजींची नजर समोरून हलेना, जाऊबाईंची फोनवरच्या नकाशावरून हलेना, आणि सासूबाई मागे डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून बसलेल्या. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनी एक द्राक्षमळा धड पाहिला नाही.

आणि ‘दारात उतरवायचं’ म्हणाल तर या गावांना तसं दारच नाही. सिएना टेकडीवर, तटबंदीच्या आत. बाहेरच्यांच्या गाड्यांना जुन्या गावात मज्जाव. पार्किंग बहुतेक तटाबाहेर, तिथून पुढे पायीच जायचं. म्हणजे चालणं काही चुकलं नाही.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर सासूबाईंची पाण्याची बाटली हातात घेतली तर सकाळी मी भरून दिली होती तशीच जड. विचारलं, तर म्हणाल्या, ‘अगं, पाणी प्यायलं की जावं लागतं. त्याला सारखी गाडी थांबव म्हणून कुठे सांगू?’ भर उन्हाळ्यात त्या दिवसभर तहानलेल्या राहिल्या होत्या. मला झोप लागली नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच लुक्काला गेलो, ट्रेनने. सांता मारिया नोव्हेला स्टेशन फ्लॉरेन्सच्या मधोमध आहे, रीजनल ट्रेनला, म्हणजे गावोगावी थांबणाऱ्या साध्या ट्रेनला, आरक्षण लागत नाही आणि तिकीट आदल्या महिन्यात काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, भाडं तेवढंच. (कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये सरकवून शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.) डब्याचा दरवाजा जवळजवळ फलाटाच्या पातळीला. खिडकीची जागा मिळाली. प्रातो गेलं, पिस्तोइया गेलं, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. सासूबाई मनासारखं पाणी प्यायल्या आणि मधेच कुणालाही न विचारता उठल्या, खांब धरत टॉयलेटला जाऊन आल्या. ‘स्वच्छ आहे हो,’ असं मला सांगून पुन्हा खिडकीशी.

लुक्काचं स्टेशन तटबंदीच्या अगदी समोर. पोर्ता सान पिएत्रो या वेशीतून सपाट रस्त्याने आत जाता येतं. तट सुमारे चार किलोमीटरचा, वरून रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, सायकली चाललेल्या. तिथल्या बाकावर त्या मनसोक्त बसल्या, उठायची घाई कुणालाच नव्हती. दुपारी तिथूनच पिसाची ट्रेन घेतली, अर्ध्या तासाची. झुकता मनोरा बघायचा तर पिसा सेंत्रालेला उतरू नका, सान रोस्सोरेला उतरा, तिथून मनोरा खूप जवळ पडतो. वर चढायचा आग्रह आई-बाबांना करू नका, अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत. हिरवळीवरून जे दिसतं ते पुष्कळ आहे.

आमच्याकडे अजूनही कुठल्याही समारंभात भावजी सांगतात, ‘गाडी होती म्हणून आईला इटली झेपली.’ नाही हो. ट्रेनने नेलं त्या दिवशी झेपली. गाडी चालवायची हौस असणं काही वाईट नाही, पण तसं सरळ म्हणावं, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांवर ढकलू नये. त्या हौसेचा हिशोब काही महिन्यांनी पुण्याच्या घरी आलाच. गाडी परत करताना ते फ्लॉरेन्सच्या झेडटीएलमध्ये, म्हणजे बाहेरच्या वाहनांना बंदी असलेल्या जुन्या भागात, शिरले होते. तिथे पोलीस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दंड तर होतोच, गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवायचे पैसे वर लावते, आणि परदेशी माणसाला नोटीस धाडायला पोलिसांकडे ३६० दिवस असतात.

सिएनाला ट्रेनपेक्षा बस बरी. स्टेशन टेकडीखाली आहे, वर यायला सरकते जिने आहेत पण लांबलचक. फ्लॉरेन्सहून सुटणारी १३१आर बस वर गावाजवळ सोडते. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही, पोजीबोन्सीपर्यंत जाऊन पुढे बस. बदलाबदली आहे, आई-बाबांची तयारी बघून ठरवा.

संपाचं मात्र बघून ठेवा, इटलीत रेल्वेचे संप होत असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक रीजनल गाड्या सोडाव्याच लागतात.

हो, पिएन्झा, मोंताल्चिनो, तो सगळा वाल दोर्चाचा भाग बघायचा असेल तर ट्रेनने जमत नाही, हे मान्य. तिथे ड्रायव्हरसकट गाडी करा, वाइन चाखायची असेल तर नक्कीच. स्वतःच चालवणार असाल तर इंटरनॅशनल परमिट निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून ठेवा, तिकडे गिअरच्याच जास्त मिळतात. गाडी गावातून न घेता विमानतळावरून घ्या, स्टेशनजवळून टी२ ट्राम थेट तिथे जाते आणि झेडटीएलचा प्रश्न येत नाही. आणि दर तासाला गाडी आपणहून थांबवा, आई-बाबांनी सांगायची वाट बघू नका.