त्वचा प्लास्टिकसारखी का दिसते?

प्रश्न : संगणकावर त्रिमितीय चेहरा तयार करताना त्वचेचा रंग आणि चकाकी छायाचित्राशी ताडून घेतली, तरी चेहरा प्लास्टिकचाच वाटतो. असे का व्हावे?

उत्तर : केवळ रंग आणि चकाकी ठरवताना, प्रकाश ज्या बिंदूवर पडतो तिथूनच तो परत फिरतो, असे आपण नकळत गृहीत धरलेले असते. धातूसाठी हे गृहीतक उत्तम चालते. त्वचा, दूध, मेण किंवा संगमरवर यांत मात्र बराचसा प्रकाश पृष्ठभागाखाली शिरतो, अनेकदा विखुरतो आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्याच बिंदूतून बाहेर येतो. त्वचेत लाल प्रकाश हिरव्या-निळ्यापेक्षा दूरवर पसरतो, म्हणून नाकाच्या सावलीची कड मऊ आणि किंचित तांबूस दिसते. (अंधारात विजेरीवर बोट ठेवले की हाच लाल प्रकाश दिसतो.)

या पसरणीचे व्यवहारात वापरता येईल असे गणिती प्रारूप हेन्रिक वान येन्सन, स्टीफन मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांनी २००१ मध्ये मांडले, आणि चित्रपटांतील कृत्रिम चेहऱ्यांचा दर्जा त्यानंतर झपाट्याने सुधारला.

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे करण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर प्रकाश पृष्ठभागाखाली पसरवणारी 'सबसरफेस' ही सोय चालू करावी. तिथे पसरणीची मूळ त्रिज्या लाल रंगासाठी १.०, हिरव्यासाठी ०.२ आणि निळ्यासाठी ०.१ अशी असते. हे परस्परप्रमाण त्वचेसाठी सुरुवातीला ठीक आहे. खरी गफलत मोजमापात होते. डोके प्रत्यक्षातल्यापेक्षा लहान आकाराचे असेल, तर तीच त्रिज्या चेहऱ्याला मेणाचा करून टाकते. म्हणून आधी प्रतिकृतीचा आकार तपासावा आणि मगच पसरणीचे प्रमाण बदलावे.